घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाला किती धोका आहे, हे घरीच कसे तपासावे

माझी थोरली आत्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात राहत असे. वयाच्या ६९ व्या वर्षी मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळून ती पुढे पडली आणि हात टेकल्यामुळे तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले आणि तो विषय संपला असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. चार वर्षांनी, डिसेंबरातल्या एका पहाटे लघवीला उठलेली असताना, ती डाव्या अंगावर पडली आणि खुब्यात मोडली. मनगट मोडले तेव्हा हाडे तपासून घ्या असे उपचार करणाऱ्यांनी सांगितले नाही आणि आम्हालाही विचारण्याचे सुचले नाही. पुढे या विषयाचे वाचन करू लागलो तेव्हा कळले की, ते मोडलेले मनगट हीच सर्वांत स्पष्ट सूचना होती. हा लेख त्यासाठी लिहीत आहे. आपल्या घरातल्या आईवडिलांची, सासूसासऱ्यांची, काकू-मावशीची अशी सूचना वेळीच कशी वाचावी, तिची नोंद कशी करावी आणि ती घेऊन डॉक्टरांकडे कसे जावे, हे त्यात सांगितले आहे.

एक रविवार, एक वही, मोजपट्टी, वजनकाटा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे साहित्य पुरते. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. एका भागावर ‘हाड किती कमकुवत आहे’ असे लिहावे आणि दुसऱ्यावर ‘पडण्याची शक्यता किती आहे’ असे लिहावे. खुब्याचे हाड मोडण्याच्या दहापैकी नऊहून अधिक घटना पडल्यामुळेच घडतात, आणि त्यातही कुशीवर, म्हणजे थेट खुब्यावर पडणे सर्वांत घातक असते. त्यामुळे केवळ कॅल्शियमच्या गोळ्या देऊन निर्धास्त होणारे घर आणि केवळ मोरीत रबरी चटई टाकून निर्धास्त होणारे घर, अशी दोन्ही घरे अर्धेच काम करत असतात.

पहिला भाग: हाडाची चौकशी

सुरुवात वय आणि वजनापासून करावी. आशियाई स्त्रियांसाठी ‘ऑस्टा’ नावाचे एक अगदी सोपे गणित तयार केलेले आहे आणि ते पाळी थांबलेल्या स्त्रियांना लागू पडते. किलोग्रॅममधल्या वजनातून वय वजा करावे आणि आलेल्या संख्येला ०.२ ने गुणावे. उदाहरणार्थ, वय ७२ आणि वजन ४८ किलो असेल तर वजाबाकी उणे २४ येते आणि गुणाकार उणे ४.८ येतो. उत्तर उणे ४ पेक्षा खाली गेले तर हाडे ठिसूळ असण्याचा धोका जास्त, उणे ४ ते उणे १ च्या दरम्यान असले तर मध्यम आणि उणे १ च्या वर असले तर कमी मानतात. हे निदान नव्हे, तर कोणाला तपासणीसाठी आधी न्यावे हे ठरवण्याची चाळणी आहे. आपल्याकडे ‘म्हातारपणी अंगाने सडसडीत असलेले बरे’ असे कौतुकाने म्हणतात. खुब्याच्या बाबतीत मात्र उलट आहे. वजन कमी असेल तर हाडावर भार कमी पडतो, म्हणून ते आधीच विरळ झालेले असते. शिवाय पडल्यावर आघात झेलायला खुब्यावर मांसाचा आणि चरबीचा थरही नसतो. गेल्या वर्षभरात प्रयत्न न करता वजन उतरले असेल तर तेही पानावर लिहावे.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वयाच्या पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून एखादे हाड मोडले आहे का? मनगट, दंड, बरगडी, मणका, काहीही असो. असे हाड मोडलेल्या व्यक्तीचे पुढे आणखी एखादे हाड मोडण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असतो. हा प्रश्न मात्र सरळ विचारून भागत नाही, कारण वडीलधारी माणसे ‘ते काय, जरा लचकले होते’ असे सांगून मोकळी होतात. कपाटातली जुनी एक्स-रेची पाकिटे स्वतः उघडून पाहावीत.

मणक्याचे हाड तर बहुतेक वेळा कोणाच्या नकळत दबते आणि त्याची खूण उंचीत सापडते. भिंतीला टाचा लावून उभे करून उंची मोजावी आणि तरुणपणीच्या उंचीशी ताडून पाहावी. सुमारे चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक फरक असेल तर मणक्याचा एक्स-रे काढण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. जुनी उंची कुठे लिहिलेली नसेल तर आणखी दोन खुणा पाहाव्यात. भिंतीला पाठ लावून उभे राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, किंवा कुशीत बरगडीची खालची कड आणि कंबरेचे हाड यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटेच मावत असतील, तर पाठीचा कणा दबल्याची शंका घ्यावी. आमच्या आत्याचा पूर्वी घोट्याला टेकणारा परकर शेवटच्या दोन-तीन वर्षांत जमिनीवर लोळू लागला होता. परकर सैल झाला असेल, असे आम्ही म्हणत होतो. प्रत्यक्षात आत्या खुजी होत चालली होती, आणि तोच लोळणारा काठ तिच्या पायात येत होता.

तिसरा प्रश्न माहेरच्या आणि सासरच्या, दोन्हीकडच्या मंडळींना विचारावा. आई किंवा वडील यांपैकी कोणाचे खुब्याचे हाड मोडले होते का? जुन्या पिढीत त्याला ‘कंबरेत मोडली आणि अंथरुणाला खिळली’ एवढेच म्हणत, म्हणून नेमका शब्द ऐकू येण्याची वाट पाहू नये. हाडाची घनता ठीक असली तरीही आईवडिलांचा हा इतिहास धोका वाढवतो.

चौथा प्रश्न स्त्रियांसाठी आहे आणि तो घरातल्या बाईनेच विचारावा. पाळी कोणत्या वर्षी थांबली? वयाच्या ४५ वर्षांआधी थांबली असेल तर हाडांना जपणारे इस्ट्रोजेन तितकी वर्षे आधीच कमी झालेले असते. ‘पिशवी काढली आहे’ असे उत्तर आले तर तेवढ्यावर थांबू नये, दोन्ही बीजांडकोशही त्याच वेळी काढले होते का, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावर पाहावे. निफाड, सिन्नर, येवला या भागांतल्या माझ्या नात्यातल्या किती तरी स्त्रियांनी तिशी-चाळिशीतच पिशवी काढून घेतली आहे आणि पुढे हाडांविषयी त्यांच्याशी कोणी एक शब्दही बोललेले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पाचवी चौकशी औषधांची. घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या पाकिटांसह, एका ताटात काढून ठेवाव्यात. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड रोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रमाणात तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ घेतले असेल, तर ती नोंद ठळक करावी, कारण हाडे झपाट्याने विरळ करणाऱ्या औषधांत स्टेरॉइडचा क्रमांक फार वरचा आहे. मात्र अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते, ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. यात्रेत, आठवडी बाजारात किंवा ऐकीव माहितीवर मिळणाऱ्या सांधेदुखीच्या आणि दम्याच्या बिननावाच्या पुड्यांचाही उल्लेख पानावर करावा. दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या अशा पुड्यांमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. फेनिटोइनसारखी फिट्सची औषधे, थायरॉइडची गरजेपेक्षा जास्त मात्रा, वर्षानुवर्षे घेतलेली पित्ताची गोळी, स्तनाच्या कर्करोगानंतर दिले जाणारे लेट्रोझोल आणि प्रोस्टेटच्या कर्करोगातली संप्रेरके दाबणारी इंजेक्शने यांचीही नोंद करावी.

आजारांमध्ये आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा र्‍हुमॅटॉइड संधिवात, थायरॉइड ग्रंथीचे काम गरजेपेक्षा जास्त होणे, आतड्यांतून अन्न नीट न शोषले जाणे, यकृताचे आणि मूत्रपिंडाचे जुने आजार हे हाडांना घातक असतात. मधुमेहाविषयी मात्र जरा थांबून सांगतो. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात हाडाची घनता तपासणीत चांगली दिसू शकते आणि तरीही हाड मोडण्याचा धोका जास्त असतो, कारण हाडाची प्रत खालावलेली असते. त्यातच पायांच्या संवेदना कमी होणे, नजर अधू होणे आणि साखर अचानक उतरून चक्कर येणे यांची भर पडते. म्हणून मधुमेही व्यक्तीचा ‘नॉर्मल’ अहवाल पाहून चौकशी थांबवू नये.

विडी-सिगारेट आणि रोजची दारू यांनी खुब्याचा धोका वाढतो. आपल्या भागातल्या वयस्क बायकांची मिश्री कोणत्याही परदेशी प्रश्नावलीत सापडणार नाही. पण तीही तंबाखूच आहे, म्हणून ती किती वर्षे आणि दिवसातून किती वेळा लावतात, हे न लाजता लिहावे.

पुरुषांना या चौकशीतून वगळू नये. खुब्यात मोडणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या जास्त असते हे खरे, पण मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांत अधिक असते.

दुसरा भाग: पडण्याची चौकशी

गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात, असे विचारल्यावर ‘एकदाही नाही’ असेच उत्तर येण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी ‘कधी तोल गेला, कुठे धरावे लागले’ असे विचारावे. एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याची शक्यता बरीच असते, आणि ‘पडेन’ या भीतीने चालणे कमी केले तर मांड्यांचे स्नायू सुकून तीच भीती खरी होते.

मग दोन चाचण्या घ्याव्यात, घेताना शेजारी उभे राहावे. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ आखावी. खुर्चीतून उठून, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसेपर्यंत १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. दुसऱ्या चाचणीत हात छातीवर दुमडून, खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. सत्तरीतल्या स्त्रीला दहा वेळाही जमत नसेल तर पायांतली ताकद कमी आहे. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर तोच निकाल.

रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर पहाटे उठताना येणाऱ्या भोवळीचे कारण सापडले म्हणून समजा. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, झोपेच्या आणि मनाला शांत करणाऱ्या गोळ्यांच्या वेळा व मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. झोपेची गोळी आणि रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे, ही जोडी मला सगळ्यांत भयंकर वाटते. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू, कंपवात, पक्षाघाताने दुबळा झालेला पाय आणि स्मृतिभ्रंश यांचीही नोंद याच भागात येते. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून जिन्याची पायरी धूसर दिसते, हे ध्यानात ठेवावे.

आता घरभर फिरावे, आणि शक्यतो रात्री फिरावे. पलंगापासून संडासापर्यंतची वाट वडीलधाऱ्यांच्या मागोमाग चालून पाहावी. वाटेत सुटे पायपुसणे आहे का, दिव्याचे बटण झोपल्या जागेवरून हाताला येते का, पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला सपाट टेकतात का? जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये प्रत्येक दाराला उंबरा, एकेक पायरीची उतरंड आणि कठडा नसलेले उभे लाकडी जिने असतात. उंबरा काढता येत नसेल तर त्याच्या कडेला ठळक पिवळा रंग द्यावा आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला दांडा बसवावा. गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा सिडकोतल्या फ्लॅटमध्ये उंबरे नसतात, पण गुळगुळीत टाइल्स असतात आणि बाथरूमची फरशी ओली असतानाच आंघोळीनंतरची घाई असते. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून उठणे जड जात असेल तर कमोड बसवून घ्यावा आणि शेजारी भिंतीत पक्का रोवलेला दांडा लावावा. टॉवेलचा रॉड हा आधार नव्हे, माणसाचे वजन पडताच तो भिंतीतून निघतो. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून माळा झाडण्याचे काम घरातल्या तरुणांनी करावे.

घराबाहेरचे धोके ठरलेले आहेत. पावसाळ्यात अंगणातली शहाबादी फरशी शेवाळते, आणि रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या तर बारमाही निसरड्या असतात. पर्वस्नानाला किंवा सिंहस्थाच्या गर्दीत वडीलधाऱ्यांना घाटावर नेताना कोरड्या भागातच थांबवून कलशातले पाणी त्यांच्या हातावर घालावे, आणि सप्तशृंगी गडावर रोपवेने न्यावे. स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसणारी आई गतिरोधकावर सहज फेकली जाते. तिच्यासाठी रिक्षा करावी. नाशिकच्या थंडीत पहाटे अंगावर शाल, पायात मोजे आणि त्यावर गुळगुळीत झालेली स्लिपर असा वेष असतो. त्याऐवजी टाच बंद असलेली, तळ खडबडीत असलेली पादत्राणे घरातही घालायला द्यावीत.

पान घेऊन डॉक्टरांकडे

हाडाची घनता ‘डेक्सा’ नावाच्या यंत्रावर मोजतात. हा अत्यल्प किरणांचा आणि न दुखणारा तपास आहे. त्यात ‘टी-स्कोअर’ येतो, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडाशी तुलना करून काढलेला आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवल्याप्रमाणे तो उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, आणि उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर हाडे विरळ होण्याची सुरुवात मानतात. शिबिरांमध्ये टाचेवर यंत्र लावून जो आकडा सांगतात तो या व्याख्येत बसत नाही. खुबा आणि कंबरेचे मणके यांचा डेक्साच करून घ्यावा. साधारणपणे स्त्रियांनी ६५ व्या आणि पुरुषांनी ७० व्या वर्षी हा तपास करावा असे मानतात, पण आपल्या पानावर वरच्यापैकी एखादी ठळक नोंद असेल तर पन्नाशीनंतर थांबण्याचे कारण नाही.

ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये ‘फ्रॅक्स’ नावाचे गणनयंत्र प्रसिद्ध केले. ४० ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तीचे खुब्याचे हाड पुढच्या दहा वर्षांत मोडण्याची शक्यता ते टक्क्यांत सांगते, आणि त्यात भारतासाठी वेगळी निवड आहे. डॉक्टरांसमोर बसून ते भरावे. मात्र फ्रॅक्स पडण्याविषयी काही विचारत नाही आणि मधुमेहींचा धोका कमी दाखवते. म्हणूनच आपल्या पानाचा दुसरा भाग डॉक्टरांना आवर्जून वाचून दाखवावा.

रक्तातले ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन यांच्या तपासण्या सहसा सांगितल्या जातात. इतके ऊन असलेल्या आपल्या भागात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता कशी, असा प्रश्न पडतो. सकाळी सातचे कोवळे ऊन आल्हाददायक असते, पण त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फारच थोडे असतात; ते दहा-साडेदहानंतरच्या उन्हात मिळतात. हात आणि पाय उघडे ठेवून वीसएक मिनिटे गच्चीत बसणे हिवाळ्यात सुखाचे असते. उन्हाळ्यात वेळ कमी करावी. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घेण्याची असते आणि काही आठवड्यांनी थांबवायची असते. ती रोज घेतली गेल्यास रक्तातले कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जाते.

आहारात, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० आणि १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दोन वाट्या दूध, वाटीभर दही, नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी एवढ्याने बराच पल्ला गाठता येतो. कॅल्शियमपेक्षाही मला प्रथिनांची काळजी वाटते. चातुर्मास, एकादशी, सोमवार, गुरुवार असे करत ज्या आजी आठवड्यातले तीन दिवस चहा आणि साबुदाण्यावर काढतात, त्यांचे स्नायू आणि हाडे दोन्ही झिजतात. उपवास सोडा असे सांगून त्या ऐकणार नाहीत. दूध, ताक, पनीर, दाणे आणि राजगिरा उपवासाला चालतात, ते पुढे करावे.

डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणाऱ्या ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी दिली तर ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, चहाही घेऊ नये. वर्षातून एकदा द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शनही असते. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब सुरू केले असेल तर त्याची तारीख चुकवू नये, कारण ते मध्येच थांबवल्यास मणके दबण्याचा धोका वाढतो.

व्यायामात स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून उठबस करणे आणि रोजचे चालणे यांना प्राधान्य द्यावे. मणका दबलेला असेल तर पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला लावणारी आसने आणि सूर्यनमस्कार टाळावेत.

आणि इतके करूनही कोणी पडलेच, पाय आखूड व बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, तर उचलून चालवू नये, चोळू नये, १०८ ला फोन करावा. कधी कधी पडल्यावर माणूस चालतो, फक्त जांघेत दुखते, आणि तरीही हाडाला चीर गेलेली असते. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, हे नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी विचारावे.

धाकट्या आत्याचे पान आम्ही गेल्या जानेवारीत भरले. वय ७०, वजन ५१, ऑस्टाचे उत्तर उणे ३.८, सख्ख्या बहिणीचा खुबा मोडलेला, मिश्री ४० वर्षे, झोपेची अर्धी गोळी रोज. डेक्सामध्ये खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७ आला. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली, आठवड्याची गोळी सुरू केली, आणि तिच्या पलंगापासून संडासापर्यंतच्या भिंतीवर मी स्वतः दोन छोटे दिवे लावले. तिचे पान स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे अडकवलेले आहे, आणि येत्या जानेवारीत त्याच्याच मागच्या बाजूला उंची, वजन आणि खुर्चीच्या चाचणीचे आकडे पुन्हा लिहायचे आहेत.